धागे नसलेल्या साड्या

माझ्या लहानपणी आमच्या वरणात हमखास एखादा धागा निघायचा. लग्नसराईच्या आधी लाल नाहीतर सोनेरी, एरवी मिळेल त्या रंगाचा. वडील तो बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवायचे आणि काही न बोलता पुढचा घास घ्यायचे. आई ओशाळायची. माझी आजी मात्र म्हणायची, "पोटमा गया ते काय साडी व्हई जाई का?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटायची. शाळेच्या वहीत, वडिलांच्या डब्यात, देवाच्या तसबिरीमागे, सगळीकडे धागे. दुसऱ्यांच्या घरात धूळ असते तसे आमच्याकडे धागे होते.

आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. ती माझ्या वडिलांची आई. खानदेशातल्या तापीकाठच्या गावाहून ती आजोबांच्या मागोमाग सुरतेला आली. आजोबा तिथल्या उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले आणि ती साड्यांना लागली. ज्यांनी साडी फक्त दुकानात पाहिली आहे त्यांना हे काम सांगावं लागतं. भरतकामाचं मशीन एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारतं, तेव्हा साडीच्या उलट्या बाजूला धागा लोंबत राहतो. एका साडीला असे शेकड्यांनी धागे. ते एकेक करून कापायचे, पण कापडाला धक्का लागू द्यायचा नाही. त्याला धागाकटिंग म्हणतात आणि आमच्या गल्लीत ते घरोघर चालतं. साडीवाला स्कूटरवरून गठ्ठा टाकून जातो आणि दोन दिवसांनी येऊन घेऊन जातो.

मोठी माय ओट्यावर पाय पसरून बसायची. साडी मांडीवर उलटी, उजव्या हातात कटर म्हणजे बोटभर लांबीची कात्री, आणि डावा पंजा कापडावरून हळूहळू सरकत असायचा. धागा बोटाला अडला की कट. ती गल्लीतल्या बायकांशी बोलत असायची, रस्त्यावरच्या पोरांना दटावत असायची, साडीकडे बघतही नसायची. मी सातवी-आठवीत असताना तिने मला शिकवलं. मी डोळे फाडफाडून धागे शोधायचे. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "जे डोयाले नही दखास, ते बोटले दखास." माझी पहिली साडी तिने सगळ्या बायकांना दाखवली आणि विचारलं, ही उंदराने कुरतडली की माझ्या नातीने, ओळखा. मी रागाने दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, कारण तिच्याकडे त्या दिवसांत चाळीस साड्यांचा गठ्ठा होता.

हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे, असं आपल्याकडे म्हणतात. मोठी मायचा हात कधी फिरायचा थांबलाच नाही. कापलेले धागेसुद्धा ती फेकायची नाही. ते उशांच्या खोळीत भरायची. आमच्या उशा दगडासारख्या जड होत्या आणि पावसाळ्यात त्यांना वास यायचा, पण तक्रार करायची सोय नव्हती. फुकटची उशी कुणाला टोचते का, असं ती विचारायची.

आजोबा मला फारसे आठवत नाहीत, पण ते कसे गेले ते मोठी मायने इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिल्यासारखं वाटतं. त्यांच्या कारखान्यात नवी मशीनं आली. जिथे चार माणसं लागायची तिथे एक पुरू लागला. आजोबांना शेठने घरी बसायला सांगितलं. ते खरंच घरी बसले. सकाळी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून ओट्यावर बसायचे आणि कारखान्याचा भोंगा झाला की उठून उभे राहायचे. मग पुन्हा बसायचे. वर्षाच्या आत गेले. डॉक्टरने काहीतरी नाव सांगितलं होतं, मोठी मायने ते कधी मानलं नाही. ती म्हणायची, रिकामा माणूस आतून किडतो.

म्हणून तिचे डोळे जायला लागले तेव्हा आम्ही सगळे घाबरलो ते डोळ्यांसाठी नव्हे. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तो डोळा बरा झाला आणि नंतर काचबिंदूने दोन्ही डोळ्यांना धरलं. जी नजर गेली ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तोवर मी एका मराठी शाळेत शिक्षिका झाले होते. दवाखान्यात तिला मीच नेत होते. बाहेर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की साडीवाल्याला सांगितलं तर नाहीस ना. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग कशाला तोंड पाडून चालतेस?

काही महिने निभावलं. तिने कापलेली प्रत्येक साडी आई नंतर गुपचूप पाहायची आणि राहिलेले धागे काढायची. राहिलेले तसे थोडेच असायचे. अडचण धाग्यांची नव्हती, कात्रीची होती. तिची कात्री आता कधीकधी कापडात शिरायची. एका आठवड्यात पाच साड्यांना भोकं पडली, तीही भारी मालाच्या. साडीवाल्याने त्या ओट्यावर आमच्यासमोर उलगडल्या, भोकातून बोट घालून दाखवलं आणि आईला म्हणाला, "भाभी, ये डेमेज पीस अब आप ही रखो. माताजी को आराम दो." सुदैवाने मोठी माय तेव्हा मागे मोरीत होती. त्याने पंधरा दिवस आम्हाला माल दिला नाही. पुन्हा द्यायला लागला तेव्हा अट घातली, की म्हातारीचा हात लागता कामा नये.

आता तिला सांगायचं कोणी? वडील म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी आपल्या वडिलांना भोंग्यासरशी उठताना पाहिलं होतं. आई सून, ती कशी सांगणार. मग मी माझी अक्कल चालवली. घरात शिकलेली मी एकटी, त्यामुळे अक्कल चालवायचा मला सराव होता.

त्या पाच खराब साड्या घरातच पडून होत्या. मी त्यांची भोकं बारीक टाक्यांनी बुजवली, त्या नीट घड्या घालून, दोरीने बांधून मोठी मायसमोर ठेवल्या आणि सांगितलं, नवा माल आलाय, घाई नाही, सावकाश कर. भोकं दिसल्यावर आईने त्या अर्धवटच ठेवल्या होत्या, म्हणून पहिल्या वेळी त्यांत धागे होते. तिने चार दिवसांत त्या संपवल्या. मी त्या उचलल्या, इस्त्री केल्या, घड्या बदलल्या, गाठ वेगळी मारली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्यासमोर ठेवल्या. तिला दिसत तर नाहीच, मग तिला काय कळणार, असा माझा हिशोब. चुकून खऱ्या मालाला हात लागायला नको म्हणून आई आपला गठ्ठा घेऊन चार घरं सोडून एका शेजारणीकडे जाऊन बसू लागली. गल्लीतल्या बायकांना मी स्वतः जाऊन सांगून आले, की मोठी मायला यातलं काही कळू देऊ नका. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मान डोलावली. एकीने तर माझी पाठ थोपटली. आजीसाठी इतकं करणारी नात आता कुठे सापडते, म्हणाली. मला ते आवडलं होतं, हे लिहायला हवं.

असे चार महिने गेले. सकाळी मी शाळेत जाताना मोठी माय ओट्यावर बसलेली असायची, त्या पाचांतली एक साडी मांडीवर. संध्याकाळी परत यायचे तेव्हाही तिथेच. सुरुवातीला ती बडबडत असायची. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. मी समजले, वय झालं.

एका रविवारी मी पुन्हा गठ्ठा समोर ठेवला तेव्हा तिने तो सोडला नाही. नुसता त्यावर हात ठेवून बसली. मग एक साडी बाहेर काढून पदरापासून शेवटपर्यंत डावा पंजा फिरवला. पुन्हा उलटा फिरवला. मी समोर उभी होते. मी तिचे डोळे मोजले होते आणि बोटं मोजायची विसरले होते, हे मला त्या क्षणी कळलं. ज्या बाईने मला बोटाने बघायला शिकवलं तिलाच मी आंधळी समजले होते.

मला वाटलं, आता ती चिडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "येले धागाच नही शे."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"कितला महिनाथून असाच माल येस. पहिले वाटनं, मन्हं बोट मरनं. मंग मन्हा पदरना धागा काढी दखा, तो बोटले लागना." तिने साडी घडी केली. "कारागीर चांगला शे. नही ते मशीनच आते धागा कापस व्हई."

असं मशीन खरंच आहे. वडिलांनीच कधीतरी जेवताना त्याच्याबद्दल सांगितलं होतं, की आता नवी मशीनं स्वतःच धागा कापतात, अजून थोड्यांकडेच आहेत. मोठी मायने ते लक्षात ठेवलं होतं. साडीवाला आपल्याला नुसता मान राखायला माल देतो आहे, असं तिने ठरवून टाकलं. आई दिवसभर बाहेर का असते याचाही तिने अर्थ लावला होता. सुनेचं काम गेलं, सांगायला लाजते, कुठेतरी धुणीभांडी करत असेल. तिने मला हळू आवाजात विचारलं, "तुन्ही माय कोना घर काम करस?" मी म्हटलं, कुणाकडेच नाही, शेजारी बसते. तिने माझ्याकडे अशा तऱ्हेने तोंड केलं, जसं खोटं बोलणाऱ्या लेकराकडे करतात.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. तिचा अर्थ मला त्या रविवारी समजला. तिला निकामी वाटू नये म्हणून मी हे सगळं केलं होतं, आणि तिची खात्री पटली ती याची की ती एकटीच नव्हे, सगळी गल्लीच निकामी झाली.

त्या दुपारी ती भिंतीला धरून धरून गल्लीत फिरली. घरोघर जाऊन सांगितलं, की काम बंद होणार आहे, दुसरं काही बघून ठेवा, पोरी मोठ्या होत आहेत. बायकांच्या मांड्यांवर त्या वेळी धाग्यांनी भरलेल्या साड्या होत्या. एकीनेही खरं सांगितलं नाही. मीच बजावून ठेवलं होतं. सगळ्या म्हणाल्या, "हा माय, खरं शे माय." एका घरच्या धाकट्या सुनेला हसू फुटलं, तेवढंच काय ते वेगळं. मोठी माय घरी आली, कटर पुसून फळीवर ठेवला आणि ओट्यावर बसली. रिकाम्या हाताने बसलेलं मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अर्धीच भाकरी जेवली. आईने आग्रह केला तर म्हणाली, "काम नही ते भाकर कसाले?" तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव सांगावा तसं म्हणाली. मग रोज अर्धीच. चहा एकदाच. वडिलांनी हात जोडले, आई रडली, मी ओरडले. ती म्हणायची, मला भूक नाही. कदाचित खरंच नसेल.

मी तिला खरं का सांगितलं नाही? हा प्रश्न आईने मला त्या दिवसांत कितीदा विचारला. खरं सांगणं म्हणजे तिला म्हणणं, की तू चार महिने ओट्यावर बसून काही नसलेलं कापत होतीस, सगळ्या गल्लीला ते माहीत होतं, आणि तू जिथून जात होतीस तिथे बायका तोंडाला पदर लावत होत्या. मशीनने हरवलं तर माणसाला दुःख होतं. आपल्याच घरच्यांनी खुळ्यात काढलं तर काय होतं, ते मला बघायचं नव्हतं. ही झाली तिची बाजू. माझीही एक बाजू होती. पाठ थोपटून घेतलेली नात मला राहायचं होतं. आई शेवटी म्हणाली, तू शिकलीस तेवढी जास्तच शिकलीस.

थंडीत ती आजारी पडली. किडन्या थकल्या आहेत, असं दवाखान्यात सांगितलं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, कमी जेवल्यामुळे का? ते म्हणाले, नाही, वयामुळे, हे बऱ्याच दिवसांपासून आत चाललेलं असणार. चांगले होते ते. मी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मोठी मायने आजोबांच्या डॉक्टरचं जेवढं मानलं होतं तेवढंच मानलं. आठ दिवसांनी त्यांनी तिला घरी न्यायला सांगितलं. पायांवर, हातांवर, चेहऱ्यावर सूज होती. बोलणं मात्र स्पष्ट होतं. पुढच्या खोलीत खाट टाकून आम्ही तिला तिथे ठेवलं.

एका संध्याकाळी घरात आम्ही दोघीच होतो. आई औषध आणायला गेली होती. मोठी माय छताकडे बघत म्हणाली, की तुझ्या आईला आता एखादी टपरी टाकून दे, तिचा हात चांगला आहे, भजी खपतील. साड्यांचं काही खरं नाही. मग मला राहवलं नाही. मी खाटेजवळ खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. भोकं पडलेल्या पाच साड्या, इस्त्री, बदललेल्या गाठी, शेजारणीचं घर, गल्लीतल्या बायका. म्हटलं, मोठी माय, काम बंद झालेलं नाही. पूर्वीइतकंच चालू आहे. धागे आहेत तसेच आहेत. मशीन वगैरे काही आलेलं नाही, मी तुझ्याशी खोटं बोलले. मी रडत होते, त्यामुळे मधलं काही तिला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं. मग सुजलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मन्हा जीव राखाले बोली राहिनी तू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे, पोरी."

"नाही, खरंच सांगते."

"तुन्हा आजलाले बी मी असंच सांगे. शेठ कामवर बलावी, शेठ बलावी."

मी उठले. आईचा गठ्ठा आता घरातच असायचा, मोठी माय उठू शकत नव्हती म्हणून लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्यातली वरची साडी ओढली. गर्द हिरवी, अंगभर बुट्ट्या, उलट्या बाजूने धाग्यांचं नुसतं जंगल. ती मी तिच्या अंगावर पसरली, उलटी बाजू वर करून. तिचा डावा हात उचलला, पंजा कापडावर टेकवला आणि म्हटलं, आता तूच बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नको. तुझ्या बोटांवर ठेव.

तिने हात फिरवला. जुन्याच सवयीने, हळूहळू, काठाकडून आत. धागे तिच्या बोटांमध्ये अडकत होते, ताणले जात होते, सुटत होते. मला ते दिसत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. ती पदरापर्यंत गेली, तिथे थांबली, पुन्हा परत आली. सूज चढलेल्या त्या बोटांमध्ये आता काही उरलं नव्हतं, हे तिच्या कपाळावर आठी पडली तेव्हा मला कळलं.

"काहीच लागत नही," मोठी माय म्हणाली. आणि मग, मला वाईट वाटू नये अशा आवाजात, "उचल बेटा, कोनी नवी साडी मळी जाई."

ती त्यानंतर चार दिवस होती. साडीबद्दल पुन्हा बोलली नाही, मीही काढलं नाही. त्या संध्याकाळी ती झोपल्यावर मी हिरवी साडी तिच्या अंगावरून हळूच ओढून घेतली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून तिचे धागे कापले. माल सकाळी द्यायचा होता.